गांधीलमाशीचा दंश आणि वैद्यकातील पुराव्याचा प्रश्न

१

गांधीलमाशीचा डंख हा मानवाच्या अत्यंत जुन्या अनुभवांपैकी एक होय. घराच्या वळचणीस, विहिरीच्या कपारीत, आंब्याच्या फांदीवर अथवा देवळाच्या शिखराखाली तिचे पोळे लागलेले आढळते, आणि खेड्यापाड्यांत वाढलेल्या मनुष्यास तिचा प्रसाद एकदाही मिळाला नाही, असे क्वचितच घडते. बहुतेकांच्या बाबतीत या डंखाचा परिणाम ठरलेला असतो. दंशाच्या जागी तीव्र वेदना होतात, ती जागा लाल होऊन सुजते, एक-दोन दिवस ठणकते व खाजते आणि मग सर्व काही पूर्ववत होते. महाराष्ट्रात अशा वेळी दंशावर लोखंड घासण्याची किंवा चुना लावण्याची रीत आहे. वेदना आपोआप कमी होणारच असल्याने या उपायांना गुणाचे श्रेयही मिळत आले आहे.

तथापि एखाद्या मनुष्याच्या बाबतीत याहून अगदी निराळा प्रकार घडतो. डंख पायास बसलेला असतो, परंतु काही मिनिटांतच सर्वांगावर गांधी उठतात, ओठ व पापण्या सुजतात, आवाज घोगरा होतो, श्वास कोंडतो, नाडी मंदावल्यासारखी लागते आणि रोगी मूर्च्छित होतो. वेळीच उपचार न झाल्यास अर्ध्या तासाच्या आत मृत्यू ओढवू शकतो. विशेष असे की, या मनुष्यास डंख मारणारी माशी निराळ्या जातीची नसते आणि तिने सोडलेले विषही अधिक नसते. त्याच पोळ्यातील दुसऱ्या माशीने डंख मारलेला त्याचा सोबती केवळ पाय चोळीत उभा असतो. इतकेच नव्हे, तर या रोग्यासही पूर्वी असा डंख बसलेला असून त्या वेळी त्यास काहीही झालेले नव्हते, अशी हकीकत वारंवार ऐकावयास मिळते.

एकाच कारणाचे दोन माणसांवर इतके भिन्न परिणाम का व्हावेत, आणि ज्यास असा धोका आहे त्याचे रक्षण कसे करावे, हे दोन प्रश्न वैद्यकापुढे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या आरंभी सापडले. दुसऱ्या प्रश्नाचे खरे उत्तर हाती लागण्यास १९७८ साल उजाडावे लागले, आणि मधल्या काळातील जवळजवळ अर्धशतक निरुपयोगी औषध मोठ्या विश्वासाने टोचण्यात गेले. हा विलंब केवळ ज्ञानाच्या अभावामुळे झाला असे म्हणता येत नाही. उपलब्ध ज्ञानाची कसोटी कोणत्या रीतीने घ्यावी, याविषयीची उदासीनता हे त्याचे प्रमुख कारण होते. प्रस्तुत निबंधात या विलंबाचा इतिहास व त्याची कारणे यांचा विचार करावयाचा आहे.

२

या विषयावरील वैद्यकीय ग्रंथांत इतिहासाचा आरंभ बहुधा इजिप्तच्या मेनेस राजापासून केलेला आढळतो. मेनेस हा इजिप्तच्या पहिल्या राजवंशाचा संस्थापक. त्याचा मृत्यू गांधीलमाशीच्या डंखाने झाला आणि अ‍ॅलर्जीने झालेल्या मृत्यूची इतिहासातील ही पहिली नोंद होय, असे या ग्रंथांत सांगितले जाते. पुष्कळदा इ. स. पू. २६४१ असे सालही दिले जाते.

या कथेच्या मुळाशी गेल्यास तिचा आधार फार दुबळा असल्याचे दिसून येते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील इजिप्शियन इतिहासकार मानेथो याचा ग्रंथ मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. परंतु नंतरच्या लेखकांनी दिलेल्या त्यातील उताऱ्यांनुसार मेनेसचा अंत पाणघोड्याने केला. गांधीलमाशीची कथा १९३० साली लॉरेन्स ऑस्टिन वॅडेल यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून आली. वॅडेल हे हिंदुस्थानातील वैद्यकीय सेवेत अधिकारी होते आणि तिबेटातील बौद्ध धर्मावरील त्यांचे लेखन प्रसिद्ध आहे. इजिप्तची संस्कृती सुमेरियन लोकांनी निर्माण केली, हे मत सिद्ध करण्याच्या आग्रहातून त्यांनी अबिडोस येथे सापडलेल्या आबनुसाच्या पट्टिकेवरील चिन्हांचे स्वतंत्र वाचन केले. मेनेस समुद्रमार्गाने दूर पश्चिमेकडील बेटावर गेला व तेथे माशीच्या डंखाने मरण पावला, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. हे बेट म्हणजे आयर्लंड होय, असेही त्यांचे म्हणणे होते. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी हे वाचन स्वीकारलेले नाही. मधमाशीचे चिन्ह इजिप्तमध्ये राजपदवीचा भाग म्हणून वापरले जात असे. त्यामुळे राजाच्या नावाजवळ असे चिन्ह आढळणे हा दंशाचा पुरावा ठरत नाही. शिवाय पहिल्या राजवंशाचा आरंभ आज सामान्यतः इ. स. पू. ३१०० च्या सुमारास मानला जातो. म्हणजे वैद्यकीय ग्रंथांत फिरत राहिलेले सालही त्याच्याशी जुळत नाही.

असे असूनही ही कथा एका ग्रंथातून दुसऱ्यात अनेक दशके उतरत राहिली. मूळ पट्टिका अथवा मूळ ग्रंथ पाहण्याची आवश्यकता फार थोड्यांस वाटली. पूर्वीच्या प्रतिष्ठित लेखकाने म्हटले आहे, एवढे प्रमाण पुरेसे मानले गेले. पुढे उपचाराच्या क्षेत्रातही हाच प्रकार घडला, म्हणून या कथेचा निर्देश येथे केला आहे.

याच्या उलट, भारतीय वैद्यकातील साक्ष खात्रीची आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील आठव्या अध्यायात कीटकांच्या विषाचा विचार आला असून तेथे मक्षिकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांच्या दंशाने खाज, सूज, दाह व वेदना होतात. काषायी व स्थालिका या दोघींच्या दंशाने मात्र ज्वरादी उपद्रव होतात, आणि या दोन प्राणघातक आहेत, असे त्यात म्हटले आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील विषाच्या अध्यायातही मक्षिकादंशाने दाह, मूर्च्छा व ज्वर होतो असे सांगून एका प्रकारची मक्षिका प्राणहारक मानली आहे. या नावांवरून आजच्या कोणत्या जातींचा बोध होतो, हे निश्चित करणे कठीण आहे. महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. दंशानंतर कधी केवळ सूज येते, तर कधी मूर्च्छा व मृत्यू येतो, हा भेद या ग्रंथकारांनी अचूक टिपला होता. परंतु त्या भेदाचे कारण त्यांनी माशीच्या जातीत शोधले. सौम्य परिणाम करणारी माशी एक आणि प्राण घेणारी दुसरी, अशी ही उपपत्ती होती. विषाचा परिणाम विषावरच अवलंबून असणार, हे गृहीत धरल्यास याहून वेगळा निष्कर्ष निघणे शक्य नव्हते. युरोपीय वैद्यकही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत याच गृहीतावर उभे होते.

३

हे गृहीत ढासळले ते एका अपेक्षाभंगामुळे. १८९० मध्ये बेरिंग व किटासाटो यांनी घटसर्प व धनुर्वात यांच्या विषांविरुद्ध प्राण्यांच्या रक्तात प्रतिकारशक्ती निर्माण होते असे दाखविले, आणि १८९४ मध्ये पॅरिस येथे आल्बेर काल्मेत यांनी तेच तत्त्व सर्पविषास लागू केले. थोडेथोडे विष पुनःपुन्हा टोचल्यास प्राणी त्या विषास दाद देईनासा होतो, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धांत झाला.

१९०१ च्या उन्हाळ्यात शार्ल रिशे व पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर याच्या नौकेवरून सागरी सफरीस गेले. फायसेलिया या समुद्रात तरंगणाऱ्या दाहक प्राण्याच्या विषाचा अभ्यास करावा, असे राजाने त्यांस सुचविले होते. परत आल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रपुष्पाच्या विषावर प्रयोग सुरू केले. कुत्र्यांस विषाची अल्प मात्रा देऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती उत्पन्न करावी, हा त्यांचा उद्देश होता. नेपच्यून नावाच्या धडधाकट कुत्र्यास पहिल्या मात्रेने काहीही अपाय झाला नाही. सुमारे तीन आठवड्यांनी त्यास पुन्हा अल्प मात्रा देताच काही क्षणांत त्याचा श्वास कोंडला, तो कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. पहिल्या मात्रेने रक्षण होण्याऐवजी धोका वाढला होता. ही निरीक्षणे १५ फेब्रुवारी १९०२ रोजी पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढे मांडण्यात आली. रक्षणाच्या उलट अवस्था, या अर्थी 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' हा शब्द रिशे यांनी घडविला. या शोधाबद्दल १९१३ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले.

या घटनेने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. मृत्यूचे कारण विषाच्या मात्रेत नसून, पूर्वी एकदा त्या विषाशी परिचय झालेल्या शरीराच्या प्रतिक्रियेत आहे, हे यावरून स्पष्ट झाले. घटसर्पावरील घोड्याचा रक्तरस दिलेल्या मुलांमध्ये फॉन पिर्के व शिक यांनी अशाच स्वरूपाच्या प्रतिक्रिया पाहिल्या. परक्या द्रव्याशी झालेल्या परिचयामुळे शरीराच्या प्रतिसादात पडणाऱ्या फरकास फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये 'अ‍ॅलर्जी' हे नाव दिले. १९१४ मध्ये वॉटरहाउस यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मधमाशीच्या दंशाने होणाऱ्या गंभीर विकाराचा संबंध अ‍ॅनाफिलॅक्सिसशी जोडला. सुश्रुतापासून चालत आलेल्या कोड्याचा उलगडा अशा रीतीने झाला. प्राणघातक भेद माश्यांमध्ये नसून माणसांमध्ये होता.

४

आता प्रश्न रक्षणाचा होता. १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी परागज्वराच्या रोग्यांस गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून त्यांची संवेदनशीलता कमी करण्याचा प्रयत्न केला होता. हीच पद्धती दंशाच्या बाबतीत वापरता येईल, ही कल्पना साहजिक होती. १९२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्राउन यांनी मधमाशीच्या दंशाने अत्यवस्थ होणाऱ्या एका रोग्यावर असा उपचार केला. त्यासाठी त्यांनी माशीच्या उदराच्या अगदी टोकाकडील भागाचा, सुमारे एक-अष्टमांश इंचाचा अर्क वापरला. माशीची नांगी व विषाची पिशवी याच टोकाशी असतात. म्हणजे नकळत का होईना, ब्राउन यांनी मुख्यतः विषच दिले होते.

१९३० मध्ये अमेरिकेतील बेन्सन व सेमेनॉव्ह यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या विचारास निराळे वळण दिले. त्यांनी तपासलेल्या एका मधमाशीपालकाची त्वचा विषास तर प्रतिसाद देत होतीच, परंतु माशीच्या इतर अवयवांपासून काढलेल्या अर्कासही देत होती. यावरून, ज्या प्रथिनामुळे रोग्यास विकार होतो ते केवळ विषात नसून माशीच्या सर्व शरीरात पसरलेले असावे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तसे असेल तर विष वेगळे काढण्याचा खटाटोप अनावश्यक होता. संपूर्ण माश्या वाटून त्यांचा अर्क टोचला की काम भागणार होते.

या निष्कर्षातील दोष आज सहज दिसतो. मधमाशीपालकाचा माश्यांशी व त्यांच्या शरीरापासून उडणाऱ्या धुळीशी नित्य संबंध येतो. तेव्हा तो माशीच्या देहातील अन्य प्रथिनांसही संवेदनशील असणे स्वाभाविक होते. दोन द्रव्यांस एकाच त्वचेने प्रतिसाद दिला म्हणून ती दोन द्रव्ये एक ठरत नाहीत. परंतु सर्वदेही अर्क तयार करणे अतिशय सोपे होते. विषाची पिशवी काढावयाची तर एकेका माशीचे विच्छेदन करावे लागे आणि त्यातून मिळणारे विष अत्यल्प असे. सोयीच्या बाजूने झुकणारा निष्कर्ष तपासून पाहण्याची निकड भासली नाही. पुढील चाळीस-पंचेचाळीस वर्षे मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्या सर्वदेही अर्काचीच अंतःक्षेपणे हा अमेरिकेत रूढ उपचार झाला.

विषाच्या विचारावर एकांगी भर देण्याची चूक जुन्या वैद्यकाने केली होती. नव्या वैद्यकाने शरीराची प्रतिक्रिया ओळखली. पण ती प्रतिक्रिया नेमकी कोणत्या द्रव्याविरुद्ध आहे, हे पाहताना त्याने विषाकडेच दुर्लक्ष केले.

५

या प्रवाहाच्या विरुद्ध उभे राहण्याचे काम न्यूयॉर्क येथील मेरी ह्यूइट लव्हलेस यांनी केले. परागज्वराच्या उपचारानंतर रोग्याच्या रक्तात प्रतिक्रिया रोखणारे वेगळे प्रतिपिंड निर्माण होतात, हे त्यांनी १९४० मध्ये दाखविले होते. दंशाच्या विकारातही असेच रोधक प्रतिपिंड निर्माण करावयाचे असतील, तर रोग्याच्या शरीरात जे शिरते तेच द्रव्य, म्हणजे विष, दिले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी गांधीलमाश्या मिळवून त्यांच्या विषाच्या पिशव्या हाताने वेगळ्या केल्या आणि त्या विषाने रोग्यांवर उपचार केले. एवढ्यावर न थांबता, रोग्यास खरोखर संरक्षण मिळाले की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी जिवंत माशीचा डंख मुद्दाम घडवून आणला. फॅक्लर यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला.

लव्हलेस यांचे म्हणणे बरोबर होते, हे पुढे सिद्ध झाले. तरीही त्यास दोन दशके मान्यता मिळाली नाही. याची कारणे एकाहून अधिक आहेत. विषाचा पुरवठा ही पहिली अडचण. हाताने पिशव्या काढून सर्व देशाच्या रोग्यांस पुरेल इतके विष कोण तयार करणार, हा व्यावहारिक प्रश्न खरा होता. मधमाश्यांच्या बाबतीत तो १९६३ मध्ये सुटला. बेंटन, मॉर्स व स्टुअर्ट यांनी त्या वर्षी वर्णन केलेल्या युक्तीत पोळ्यापाशी विद्युत्तारांची जाळी ठेवून माश्यांस सौम्य धक्का दिला जातो. माश्या जाळीखालील पातळ पडद्यातून डंख मारतात आणि पडद्याच्या आतील बाजूस विष साठते. दुसरे कारण असे की, लव्हलेस यांच्या रोग्यांना तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. विषाने उपचार केलेले रोगी डंखानंतर सुखरूप राहिले, हे त्यांनी दाखविले. परंतु काहीच न दिलेले तितकेच रोगी त्याच परिस्थितीत किती अत्यवस्थ झाले असते, याचे उत्तर त्यांच्या प्रयोगात नव्हते. तिसरे कारण, सर्वदेही अर्काच्या बाजूने अनुभवाचे फार मोठे पारडे असल्याचा समज होता.

या तिसऱ्या कारणाचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन अ‍ॅलर्जी अकादमीच्या कीटकविषयक समितीने १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी. प्रश्नावली पाठवून २,६०६ रोग्यांची माहिती तीत गोळा केली होती. उपचार घेतलेल्या बहुसंख्य रोग्यांस पुढील डंखाचा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला, असे आढळल्याने निष्कर्ष अर्काच्या बाजूने गेला. अडीच हजारांहून अधिक रोग्यांच्या संख्येपुढे मूठभर रोग्यांवरील विषाचे प्रयोग फिके पडणे स्वाभाविक होते.

प्रश्न किरकोळ नव्हता. पॅरिश यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९५० ते १९५९ या दहा वर्षांत अमेरिकेत विषारी प्राण्यांमुळे ४६० मृत्यू नोंदले गेले. त्यांपैकी २२९ मृत्यू मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या यांच्या वर्गातील कीटकांमुळे झाले होते. सर्पदंशाचे मृत्यू १३८ होते. म्हणजे त्या देशात सापापेक्षा माशीने अधिक बळी घेतले होते.

६

सत्य उघडकीस येण्यास आणखी एका शोधाचे साहाय्य झाले. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी, अ‍ॅलर्जीस कारणीभूत होणारा प्रतिपिंड शोधून काढला. १९६८ मध्ये त्यास 'आयजीई' हे नाव मिळाले. हा प्रतिपिंड ऊतकांतील विशिष्ट पेशींवर व रक्तातील काही श्वेतपेशींवर चिकटलेला असतो. ठरावीक प्रथिन त्यास भिडताच त्या पेशी हिस्टामिनादी द्रव्ये एकदम सोडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब कोसळतो आणि श्वासनलिका आकुंचन पावतात. आता रोग्याच्या रक्तातील पेशी परीक्षानळीत घेऊन, त्या कोणत्या द्रव्यामुळे हिस्टामिन सोडतात हे मोजता येऊ लागले. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॉरेन्स लिख्टेन्स्टाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी मोजणी केली. रोग्यांच्या पेशी विषास तीव्र प्रतिसाद देत होत्या. सर्वदेही अर्कास मिळणारा प्रतिसाद त्या मानाने अगदी क्षीण होता.

दरम्यान १९७३ मध्ये टॉर्स्नी यांनी, सर्वदेही अर्काचा उपचार घेऊनही डंखाने मरण पावलेल्या रोग्यांच्या हकीकती प्रसिद्ध केल्या. १९७४ मध्ये लिख्टेन्स्टाइन, व्हॅलेंटाइन व सोबोत्का यांनी विषाच्या उपचाराचा पुरस्कार करणारा निबंध लिहिला. परंतु निर्णायक ठरला तो १९७८ मध्ये हंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. विद्युत्जाळीने विष गोळा करण्याची युक्ती वर्णन करणारे बेंटनही या निबंधाच्या लेखकांत होते. ज्यांस पूर्वी डंखाने गंभीर विकार झाला होता अशा ५९ रोग्यांचे, पूर्वेतिहास व संवेदनशीलता सारखी राहील अशा रीतीने, तीन गट पाडण्यात आले. एका गटास विष, दुसऱ्यास सर्वदेही अर्क आणि तिसऱ्यास केवळ निष्क्रिय द्राव देण्यात आला. सहा ते दहा आठवड्यांनंतर रोग्यांस डंख बसला असता जे दिसून आले ते असे: निष्क्रिय द्राव घेतलेल्या १२ जणांपैकी ७ जणांस, सर्वदेही अर्क घेतलेल्या ११ जणांपैकी ७ जणांस आणि विष घेतलेल्या १८ जणांपैकी केवळ एकास सर्वांगीण प्रतिक्रिया झाली.

म्हणजे जवळजवळ अर्धशतक दिला गेलेला अर्क आणि निव्वळ निष्क्रिय द्राव यांच्यात काहीही फरक नव्हता. पुढील वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेत शुद्ध विषांस औषध म्हणून परवाना मिळाला. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये म्युलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली तुलनाही याच निष्कर्षास पोहोचली. न्यायासाठी एक अपवाद नोंदविला पाहिजे. आगमुंगीच्या सर्वदेही अर्कात तिच्या विषातील प्रथिने पुरेशी टिकून राहतात, त्यामुळे त्या मुंगीच्या दंशासाठी असा अर्क अमेरिकेत आजही वापरला जातो. दोष अर्काच्या कल्पनेत नव्हता. अर्कात विष आहे की नाही हे न पाहण्यात दोष होता.

७

येथे इतिहासकारापुढे खरा प्रश्न उभा राहतो. हजारो रोग्यांवर उपचार करणाऱ्या, अनुभवी व प्रामाणिक वैद्यांना औषध निरुपयोगी असल्याचे इतकी वर्षे का समजू नये?

याचे उत्तर १९७८ च्या प्रयोगातील सर्वांत दुर्लक्षित आकड्यात आहे. निष्क्रिय द्राव घेतलेल्या १२ जणांपैकी ५ जणांस डंखानंतर काहीही गंभीर झाले नाही. एकदा सर्वांगीण प्रतिक्रिया झालेल्या मनुष्यास प्रत्येक डंखाच्या वेळी तशीच प्रतिक्रिया होते असे नाही. विषाची मात्रा, मधला काळ, शरीराची तात्कालिक अवस्था अशा अनेक कारणांनी ती कमीअधिक होते, आणि पुष्कळांची संवेदनशीलता वर्षानुवर्षे आपोआप ओसरत जाते. मुलांच्या बाबतीत तर हे विशेष ठळक आहे. ज्या मुलांस पूर्वी केवळ त्वचेपुरती प्रतिक्रिया झाली होती अशा २४२ मुलांचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपचार न घेतलेल्या मुलांसही पुढे बसलेल्या डंखांपैकी सुमारे ९ टक्के डंखांनीच सर्वांगीण प्रतिक्रिया झाली.

अशा स्थितीत कोणतेही औषध गुणकारी भासणारच. शंभर रोग्यांस अर्क टोचला आणि त्यांतील चाळीस-पन्नास पुढील डंखातून सुखरूप पार पडले, की वैद्यास समाधान वाटे. जे अत्यवस्थ झाले त्यांची मात्रा अपुरी पडली असावी, असे स्पष्टीकरण तयार असे. जे मरण पावले त्यांस प्रश्नावली भरून पाठविणे शक्य नव्हते. १९६५ च्या पाहणीत २,६०६ रोगी होते, परंतु उपचार न घेणाऱ्यांशी काटेकोर तुलना नव्हती. ५९ रोग्यांच्या प्रयोगात ती होती. संख्येच्या विपुलतेने पुराव्याच्या रचनेतील उणीव भरून निघत नाही, हे या दोन अभ्यासांच्या तुलनेवरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होत असेल. दंशावर चुना लावून वेदना थांबल्याचे सांगणारा शेतकरी आणि अर्काने रोगी बरा झाल्याचे सांगणारा वैद्य यांच्या तर्कपद्धतीत मूलतः भेद नव्हता.

लव्हलेस यांच्या बाबतीतही हाच निकष लावला पाहिजे. त्यांस द्रष्टेपण देऊन त्यांच्या समकालीनांस केवळ हट्टी ठरविणे सोपे आहे, परंतु ते पुरेसे नाही. त्यांची उपपत्ती बरोबर होती व डंखाची प्रत्यक्ष कसोटी लावण्याची त्यांची पद्धती तर पुढील निर्णायक प्रयोगाचा पायाच ठरली. त्यांस तुलनेचा गट लाभला असता, तर कदाचित वीस वर्षांचा विलंब टळला असता. त्याचबरोबर हेही खरे की, ज्या कसोटीच्या अभावी त्यांचे काम बाजूस ठेवले गेले, ती कसोटी प्रचलित अर्कास मात्र कोणी लावली नव्हती. नव्या मताकडून मागितला जाणारा पुरावा जुन्या मताकडून मागितला गेला नाही.

८

आज या विकाराविषयीचे ज्ञान पुष्कळच स्थिर झाले आहे. दोन गोष्टींतील भेद प्रथम ध्यानात ठेवावा लागतो. शेकडो माश्यांनी एकदम हल्ला केल्यास विषाच्या मात्रेनेच मूत्रपिंडे निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. चीनच्या शान्शी प्रांतात २०१३ मध्ये मोठ्या गांधीलमाश्यांच्या हल्ल्यांत ४२ लोक मरण पावले. अशा प्रसंगी अ‍ॅलर्जी नसलेला मनुष्यही सुरक्षित नसतो. याच्या उलट अ‍ॅलर्जी असलेल्यास एकच डंख पुरतो. अशा अ‍ॅनाफिलॅक्सिसवर सर्पविषाच्या प्रतिविषासारखे औषध उपयोगी पडत नाही, कारण तेथे विरोध विषाचा नसून शरीराच्या प्रतिक्रियेचा करावयाचा असतो.

त्या प्रसंगी प्राण वाचविणारे पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिन हेच होय. जोकिची ताकामिने यांनी १९०१ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळविल्याचे जाहीर केले, म्हणजे रिशे यांची सागरी सफर आणि हे औषध ही एकाच वर्षातील होत. प्रौढास ०.३ ते ०.५ मिलिग्रॅम मात्रा मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत विनाविलंब टोचावी लागते, रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावे लागतात व एकदम उठून बसू द्यावयाचे नसते. श्वास लागला असल्यास मात्र त्यास टेकून बसू द्यावे. इंग्लंडमधील मृत्यूंच्या पम्फ्री यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डंखापासून हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अवघा १५ मिनिटांचा आढळला. हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी खाज कमी होते, परंतु त्या अ‍ॅड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत. मधमाशीची नांगी त्वचेत रुतून राहते. ती चिमटीने काढली की खरडून काढली याने फारसा फरक पडत नाही, ती किती लवकर काढली यास महत्त्व आहे, हे १९९६ च्या एका प्रयोगात दिसून आले. गांधीलमाशीची नांगी सहसा रुतून राहत नाही, त्यामुळे ती पुनःपुन्हा डंख मारू शकते. रोगी सावरल्यावर त्याची तपासणी होऊन विषाच्या वाढत्या मात्रांचा उपचार साधारणतः तीन ते पाच वर्षे दिला जातो.

या सर्व उपायांत नवे असे तत्त्व फारसे नाही. अ‍ॅनाफिलॅक्सिसची कल्पना १९०२ ची, अल्प मात्रांनी संवेदनशीलता घटविण्याची पद्धती १९११ ची आणि विषच देण्याचा विचार १९५६ ची निश्चितच आहे. १९७८ मध्ये जी भर पडली ती समान गट पाडून तुलना करण्याची. तीही कल्पना त्या वेळी नवी नव्हती. लंडनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची अशी परीक्षा १९४८ मध्येच प्रसिद्ध झाली होती. गांधीलमाशीच्या दंशावरील उपचाराला ती लावण्यास आणखी तीस वर्षे गेली, आणि त्या तीस वर्षांत अर्क टोचून घेऊन आपण सुरक्षित झालो अशा समजुतीने वावरणाऱ्या रोग्यांस वस्तुतः कोणतेही संरक्षण नव्हते. मेनेस राजाची कथा खोटी निघाली याने कोणाचे नुकसान झाले नाही. अर्काच्या कथेची किंमत मात्र या रोग्यांस द्यावी लागली.